मऊ पाठीचे कासव ‘आदिम’ नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नदीपात्रात, धरणाच्या काठी किंवा एखाद्या विहिरीत मऊ पाठीचे कासव सापडल्याच्या, तसेच अशा कासवांची चोरटी वाहतूक पकडल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येत असतात. गोड्या पाण्यातील कासवांकडे एरवी कोणाचे फारसे लक्ष जात नाही, त्यामुळे त्यांना वर्तमानपत्रात जागा मिळते याचे मला मनापासून समाधान वाटते. मात्र या बातम्यांत दोन गोष्टी वरचेवर आढळतात. एक म्हणजे, या कासवांच्या पाठीवर टणक ढाल नसते म्हणून ती ‘आदिम’ आहेत, त्यांचे कवच उत्क्रांतीत अर्धवट राहून गेले आहे, असे विधान. दुसरी म्हणजे, सापडलेले कासव नेमके कोणते हे न सांगता ‘दुर्मीळ कासव’ एवढ्यावरच बातमी आटोपण्याची रीत. पहिली गोष्ट चुकीची आहे, दुसरी अपुरी आहे, आणि दोहोंच्या मुळाशी एकच उणीव आहे: या प्राण्यांची वंशावळ आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. मी अनेक वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले आहे. ही वंशावळ परीक्षेपुरती नाही, या प्राण्यांना कायद्याचे किती संरक्षण मिळाले हेही तिच्यावर अवलंबून राहिले आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हे काहीसे लांबलेले पत्र.

आधी पाठीविषयी. आमच्या महाविद्यालयाच्या संग्रहालयात या गटातील एका कासवाचे जुने कवच आहे, त्यावरचे कातडे केव्हाच गळून गेलेले आहे. ते हातात घेतले की ‘मऊ पाठ’ हे वर्णन किती वरवरचे आहे हे लगेच कळते. मध्यभागी हाडांची जाड, एकमेकींत घट्ट सांधलेली तबकडी आहे. तिच्यावर वाळवीने कोरलेल्या लाकडासारखी खळग्यांची आणि नागमोडी कंगोऱ्यांची नक्षी आहे, आणि तिच्या दोन्ही कडांतून बरगड्यांची मोकळी टोके ओळीने बाहेर आलेली आहेत. जिवंत प्राण्यात ही टोके कातड्याच्या रुंद, लवचिक झालरीत दडलेली असतात, आणि आपल्याला मऊ लागते ती ही झालर. याच कवचाशेजारी टणक पाठीच्या कासवाचे कवच ठेवून पाहावे. तिथे हाडांवर शिंगासारख्या पदार्थाची शल्के बसलेली असतात, आणि दोन शल्के जिथे भिडतात तिथे खालच्या हाडावर बारीक चर उमटतो. शल्के झडून गेली तरी चर राहतो. मऊ पाठीच्या कासवाच्या हाडावर असा एकही चर नसतो. शल्के नाहीत, बहुतेक जातींत कवचाच्या कडेची हाडे नाहीत, पाठीचे आणि पोटाचे कवच जोडणारा हाडांचा पूलही नाही.

इतके सारे ‘नाही’ पाहून हा प्राणी कासवांच्या आरंभकाळातला असावा असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि या समजाला एक प्रसिद्ध जीवाश्म नकळत हातभार लावतो. चीनच्या ग्वेईचौ प्रांतात सापडलेल्या आणि २००८ साली वर्णन केलेल्या ओडोन्टोकेलिस या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाला पोटाचे कवच पूर्ण होते, पाठीवर मात्र नुसत्या रुंदावलेल्या बरगड्या होत्या, आणि तोंडात दातही होते. हे चित्र पाहिलेला वाचक मऊ पाठीच्या कासवाकडे बघून ‘हे त्याच्याच वळणाचे’ असे म्हणणार. पण मध्ये किती काळ गेला ते पाहिले पाहिजे. जर्मनीत सापडलेले प्रोगॅनोकेलिस हे सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वीचे कासव पूर्ण कवचाचे आणि शल्कांनी मढलेले होते. मऊ पाठीच्या कासवांचे खात्रीलायक जुने जीवाश्म मिळतात ते मात्र आशियातल्या पूर्वार्ध क्रिटेशस काळातील, म्हणजे साधारण १२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत. जपानमधील काप्पाकेलिस आणि चीनच्या लिआओनिंग प्रांतातील पेरोकेलिस ही त्यांतली ठळक नावे. या दोन टप्प्यांमधली सुमारे नऊ कोटी वर्षे कासवांच्या वंशात भक्कम, पूर्ण कवच नांदत होते. मऊ पाठीच्या कासवांचे पूर्वज त्याच भक्कम कवचाचे धनी होते, आणि त्यांच्या वंशजांनी ते पुढे हलके केले. त्यांच्या नामशेष झालेल्या जवळच्या नातेवाइकांपैकी अ‍ॅडोकस आणि त्याचे गोत्रज यांच्या कवचांवर शल्कांचे चर स्पष्ट दिसतात, हाही याचाच पुरावा.

याला गर्भविज्ञानानेही दुजोरा दिला आहे. टणक पाठीच्या कासवाच्या गर्भात पाठीवर ठरावीक अंतराने त्वचेचे जाडसर ठिपके उमटतात आणि प्रत्येक ठिपक्यातून पुढे एक शल्क तयार होते. मऊ पाठीच्या कासवाच्या गर्भात हे ठिपके उमटतच नाहीत. ते उमटवणारी जनुकीय यंत्रणा तिथे कार्यान्वितच होत नाही, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. गमावलेल्या आणि कधीच न मिळवलेल्या गोष्टींत फरक असतो, आणि इथे तो गर्भाच्या पातळीवर तपासून पाहिला गेला आहे. शिवाय या कासवांच्या कवचातील हाडाची अंतर्गत रचना इतर कासवांपेक्षा वेगळी आहे. त्यात कोलॅजेनच्या तंतूंचे थर एकाआड एक, आलटून पालटून दिशा बदलत रचलेले असतात, त्यामुळे हाड पातळ असूनही सहज तडकत नाही. अशी रचना दुसऱ्या कोणत्याही कासवांत नाही. ‘अर्धवट’ म्हणवल्या जाणाऱ्या प्राण्याजवळ ही खास कमाई आहे, हे ध्यानात घ्यावे.

कवच हलके करून या कासवांना काय मिळाले, तेही सांगितले पाहिजे. चपटे, लवचिक शरीर वाळूत किंवा गाळात क्षणात पुरून घेता येते. नळीसारखे लांब नाक आणि लांब मान यांमुळे अंग तळाशी ठेवून फक्त नाकाचे टोक पाण्याबाहेर काढता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कातडी उघडी असल्याने पाण्यातला प्राणवायू तिच्यातून आत घेता येतो, आणि घशातल्या झालरींसारख्या उंचवट्यांवरून पाणी खेळवून त्यात आणखी भर घालता येते. चीनमधील मऊ पाठीचे कासव तर शरीरातील बरेचसे युरिया मूत्रपिंडावाटे टाकण्याऐवजी तोंडावाटे टाकते, असे सिंगापूरमधील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. पाण्यात राहण्याची इतकी पक्की तयारी केलेल्या प्राण्याला मागासलेला म्हणणे सर्वस्वी अयोग्य आहे.

आता या प्राण्यांचे कासवांच्या वंशवृक्षातले स्थान. मान आत घेण्याच्या पद्धतीवरून कासवांचे दोन मोठे गट पडतात: मान आडवी वळवून कवचाच्या कडेखाली ठेवणारी, आणि मान उभ्या घडीने सरळ आत ओढणारी. भारतात आज सापडणारी सगळी कासवे, समुद्रातली धरून, दुसऱ्या गटातली आहेत. शरीररचनेवरून मऊ पाठीच्या कासवांना पूर्वी याच गटातील अमेरिकेच्या चिखलकासवांच्या शेजारी बसवले जाई. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर हे शेजारपण मोडीत निघाले. गेल्या वीसेक वर्षांतील बहुतेक सर्व जनुकीय अभ्यासांचा निष्कर्ष असा की, मान सरळ आत ओढणाऱ्या कासवांच्या झाडाला जी पहिली फांदी फुटली ती मऊ पाठीच्या कासवांची, आणि जमिनीवरची कासवे, तळ्यातली कासवे, समुद्री कासवे, चिखलकासवे ही सारी मंडळी दुसऱ्या फांदीवर एकत्र. फाटा जुना आहे, पण त्या फाट्यावरचा प्राणी जुन्या रूपातच राहिला असे त्यातून निघत नाही. ‘आदिम’ या शब्दाने नेमकी हीच गल्लत होते. समुद्रातल्या चामडी पाठीच्या कासवानेही शल्के गमावली आहेत, पण त्याने ती स्वतंत्रपणे, वेगळ्या घराण्यात गमावली. कोकणच्या किनारपट्टीवरील बातम्यांत या दोघांना एकाच माळेत ओवले जाते, तेही टाळता येईल.

मऊ पाठीच्या कासवांना जगात एकच जिवंत सख्खे घराणे उरले आहे, आणि त्या घराण्यात एकच जात शिल्लक आहे. उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या दक्षिण भागात राहणारे डुकरासारख्या नाकाचे हे कासव, कॅरेटोकेलिस, १८८६ साली शास्त्राला ज्ञात झाले. त्याचे पाय समुद्री कासवासारखे वल्ह्यांचे आहेत, अंगावर शल्के नाहीत, पण कडेच्या हाडांसह पूर्ण कवच आहे. आज एवढ्याशा प्रदेशात उरलेल्या या घराण्याचा विस्तार एके काळी युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेपर्यंत होता. जर्मनीतल्या मेसेल येथील सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या सरोवरी खडकांत याच घराण्यातील अ‍ॅलिओकेलिसच्या नर-माद्यांच्या जोड्या मीलनाच्या अवस्थेत जीवाश्म झालेल्या सापडल्या. अशा नऊ जोड्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सरोवराच्या वरच्या थरातले पाणी चांगले होते आणि खोल पाणी विषारी होते. मीलनात गुंतलेली जोडी बुडत खोलवर गेली आणि कातडीतून श्वसन करणाऱ्या त्या शरीरांत विष भिनले, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. पाठीच्या कण्याच्या प्राण्यांचे मीलनावस्थेतले जीवाश्म जवळपास मिळतच नाहीत. मला या जोड्यांचे मोल आणखी एका कारणाने वाटते: कातडीतून श्वास घेण्याची या गोत्राची सवय किती जुनी आहे, हे त्या मृत्यूवरून कळते.

यानंतर नावांचा इतिहास, आणि माझ्या मते खरी अडचण इथे आहे. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली सगळी कासवे एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात (इंग्रजीत ‘जीनस’), घातली होती. नाईल नदीतले मऊ पाठीचे कासव १७७५ मध्ये फोर्स्काल या निसर्गअभ्यासकाच्या लेखनातून वेगळी जात म्हणून नोंदले गेले. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेलेल्या जॉफ्रॉय सेंट-हिलेर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०९ साली या कासवांसाठी ट्रायोनिक्स ही प्रजाती मांडली. तीन नखे हे तिचे लक्षण. या कासवांच्या प्रत्येक पायावर बोटे पाच असली तरी नखे तीनच असतात. पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षे आफ्रिका, आशिया आणि अमेरिका या तिन्ही खंडांतली बहुतेक मऊ पाठीची कासवे या एकाच नावाखाली राहिली. १९८७ साली पीटर मेलन या अमेरिकी अभ्यासकाने कवट्या, कवचे आणि सांगाडे बारकाईने तपासून हा गठ्ठा सोडवला. आज ट्रायोनिक्समध्ये एकच जिवंत जात आहे, ती आफ्रिकेतली. अमेरिकेतल्या जाती अ‍ॅपालोनमध्ये गेल्या, चीनमधल्या पेलोडिस्कसमध्ये, आणि भारतातल्या आधी अ‍ॅस्पिडेरेटिसमध्ये. पुढे २००७ साली जनुकीय अभ्यासातून दिसले की भारतातली ही कासवे आणि म्यानमारचे निल्सोनिया एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की वेगळी प्रजाती ठेवण्यात अर्थ नाही, आणि अ‍ॅस्पिडेरेटिस हे नाव मागे पडले. जिवंत जाती आता तीसहून अधिक मानल्या जातात, आणि चीनमधल्या ज्या कासवाला एकच जात समजून कोट्यवधींच्या संख्येने पाळले जाते त्यातूनच २०१९ आणि २०२१ मध्ये नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या.

मेलन यांच्या कामातला एक मोठा विभाग नंतरच्या डीएनए-अभ्यासांतही टिकला. मऊ पाठीच्या कासवांची दोन उपकुले आहेत. एका उपकुलातल्या कासवांच्या पोटाच्या कवचावर मागच्या बाजूला कातड्याच्या दोन झडपा असतात. मागचे पाय आत घेतले की झडपा त्यांवर मिटतात आणि पाय दिसेनासे होतात. दुसऱ्या उपकुलात झडपा नसतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक घराजवळ पाहता येतो. तळी, ओढे, भातखाचरे आणि कालवे यांत सर्वत्र आढळणारे, उन्हाळ्यात पाणी आटले की ओलसर मातीत पुरून घेऊन तग धरणारे आपले नेहमीचे मऊ पाठीचे कासव, लिसेमिस, हे झडपांचे आहे. त्याच्या कवचाच्या मागच्या कडेला छोट्या हाडांची रांगही असते. भीमा, कृष्णा, गोदावरी यांसारख्या द्वीपकल्पातल्या नद्यांमध्ये राहणारे लीथचे कासव आणि निमुळत्या डोक्याचे, एक मीटरच्याही पुढे वाढणारे, वाळूत दबा धरून मासे गिळणारे चित्रा हे दोन्ही झडपा नसलेल्या उपकुलातले आहेत. थोडक्यात, पकडलेले कासव उलटे धरून पोटाचा एक फोटो काढला तर ते कोणत्या उपकुलातले हे कोणालाही सांगता येईल. लीथच्या कासवाची पिल्ले तर पाठीवरच्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांवरूनही सहसा ओळखू येतात. असे ठिपके बहुधा चार असतात आणि वयाबरोबर पुसट होत जातात.

लीथच्या कासवाविषयी मला थोडे अधिक लिहिलेच पाहिजे, कारण ते आपले आहे. ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा मूळ नमुना पुण्याचा होता. इंग्रजीत त्याला नागपूरचे मऊ पाठीचे कासव असेही नाव आहे. हे कासव भारतीय द्वीपकल्पाबाहेर सापडत नाही. गेल्या शतकात ते आधी ट्रायोनिक्स, मग अ‍ॅस्पिडेरेटिस आणि आता निल्सोनिया असे नाव बदलत आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, गंगेतले आणि मोरपिसाच्या डोळ्यांसारख्या ठिपक्यांचे अशी उत्तरेकडची दोन कासवे ट्रायोनिक्स या नावाने आली आणि सर्वत्र आढळणारे लिसेमिसही आले. द्वीपकल्पातले लीथचे कासव मात्र चौथ्या अनुसूचीत राहिले. वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातही असेच घडले. उत्तरेतले नातेवाईक १९७५ पासून पहिल्या परिशिष्टात होते, आणि लीथचे कासव तिथे पोहोचले ते २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामा येथील परिषदेत, भारताच्या प्रस्तावानंतर. त्या वेळच्या अंदाजानुसार मागील ३० वर्षांत त्याची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली असावी, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ते अतिशय गंभीर धोक्यातील जातींत आहे. सर्वत्र सापडणाऱ्या कासवाला सर्वोच्च संरक्षण आणि एका द्वीपकल्पापुरत्या कासवाला दुय्यम, ही विसंगती इतकी वर्षे चालली. तिच्यामागे इतरही कारणे असतील, पण सगळी मऊ पाठीची कासवे एकसारखीच असे धरून चालण्याच्या सवयीने तिला बळ मिळाले, असे मला वाटते.

मऊ पाठीची कासवे भारतात आली कोठून, हा प्रश्नही आपल्या मातीशी जोडलेला आहे. मुंबईच्या काळ्या खडकांमधल्या, लाव्हाच्या दोन थरांच्या मधे सापडलेल्या गाळाच्या पट्ट्यांत कासवांचे जीवाश्म मिळाले आहेत. कार्टर या अभ्यासकाने १८५२ साली त्यांतल्या एकाला लीथ हेच नाव दिले होते, आणि २००३ मध्ये तिथल्याच एका कासवाला संकुकेमिस असे नाव मिळाले. ही दोन्ही मऊ पाठीची कासवे नव्हेत. ती मान आडवी वळवणाऱ्या गटातली आहेत, आणि त्या गटाचे वंशज आज भारतात नाहीत, ते आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आहेत. भारताचा भूखंड आशियापासून दूर, समुद्राने वेढलेला असताना, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, इथल्या पाण्यात ती मंडळी होती. त्याच काळात मऊ पाठीची कासवे आशियात आणि उत्तर अमेरिकेत डायनोसॉरांच्या शेजारी राहत होती, आणि डायनोसॉर संपले त्या संहारातून ती पार पडली. भारतीय भूखंड आशियाला येऊन भिडल्यानंतर ती इकडे शिरली. पाकिस्तानातल्या इओसीन काळाच्या, म्हणजे साधारण साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत या गटाचे एक थोराड कासव, ड्राझिंडेरेटिस, सापडले आहे. लिसेमिसचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक, सायक्लॅनॉर्बिस आणि सायक्लोडर्मा, आफ्रिकेत आहेत, हे ऐकले की भारत आणि आफ्रिका एकत्र असतानाचे हे नाते असावे अशी पटकन समजूत होते. पण गोत्र आशियातले असल्याने हे नाते त्या जुन्या जोडणीचे असू शकत नाही. ते पुढे आफ्रिका आणि आशिया यांच्यात जमिनीचा दुवा झाल्यानंतरच्या स्थलांतराचे आहे. आपल्या शेताकडेच्या ओढ्यातल्या कासवाच्या मागे एवढा प्रवास आहे, आणि तो शालेय पुस्तकात कुठेच येत नाही याची मला खंत वाटते.

नेमकी ओळख पटवण्याने काय साधते, याचे एक उदाहरण ईशान्येकडचे आहे. चितगाव येथील बायजीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यातली काळी मऊ पाठीची कासवे १८७५ पासून शास्त्राला ठाऊक होती, आणि त्या तळ्याबाहेर ती कुठेच उरली नाहीत असे समजले जाई. २००२ साली त्यांना ‘निसर्गातून नामशेष’ ठरवण्यात आले. वर उल्लेखिलेल्या २००७ च्या अभ्यासात आसामातल्या कासवांचा डीएनए तपासला तेव्हा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ही जात निसर्गात जिवंत असल्याचे सिद्ध झाले. आसामातल्या मंदिरांच्या तळ्यांतही ती सापडली. हाजो येथील हयग्रीव माधव मंदिराचे तळे त्यासाठी प्रसिद्ध आहे. माणसांच्या श्रद्धेने ती जगली होती, आणि वर्गीकरणाने ती ओळखली गेली.

याउलट घडल्याचे उदाहरण व्हिएतनाम आणि चीनमधले आहे. यांगत्से नदीतले महाकाय मऊ पाठीचे कासव, राफेटस, यांपैकी हनोईच्या होआन कीम सरोवरातले एक २०१६ च्या जानेवारीत मरण पावले. ते कासव चीनमधल्यांहून वेगळ्या जातीचे आहे असा दावा व्हिएतनाममध्ये केला गेला होता, त्यासाठी नवे नावही मांडले गेले होते. जात वेगळी मानली तर चीनमधल्या प्राण्यांशी जोडी लावण्याचा विचारच मागे पडतो. डीएनए-अभ्यासकांनी मात्र दोन्ही एकच जात असल्याचे दाखवले. चीनमधल्या सुझोऊ प्राणिसंग्रहालयातली मादी २०१९ च्या एप्रिलमध्ये कृत्रिम गर्भधारणेच्या प्रयत्नानंतर दगावली, आणि हनोईजवळच्या डोंग मो सरोवरातली मादी २०२३ च्या एप्रिलमध्ये मृत आढळली. सुझोऊमध्ये आता एक नर उरला आहे, आणि त्याला जोडीदारीण नाही.

आपल्याकडे अजून वेळ आहे. म्हणून एक विनंती. सुटका केलेल्या किंवा जप्त केलेल्या कासवाची बातमी देताना शक्य असेल तर त्याच्या डोक्याचा आणि पोटाच्या बाजूचा असे दोन फोटो छापावेत, ते लिसेमिस, लीथचे की चित्रा हे वन विभागाकडून किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडून तपासून घ्यावे, आणि ते कुठे पकडले, कुठे सोडले या दोन्ही जागांची नावे द्यावीत. कृष्णेच्या खोऱ्यातले कासव गोदावरीत आणि बाजारातून आणलेले कुठल्याही धरणात सोडले जाते. त्यामुळे लाखो वर्षे आपापल्या नदीत वेगळे वाढलेले वंश एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो, आणि पुढे कोणता गट कोठला हे डीएनएवरूनही सांगणे कठीण होते. बाजारात मिळणारे लाल कानांचे अमेरिकी कासवही याच वेळी, दयेपोटी, आपल्या तळ्यांत सोडले जाते. अशी बातमी आल्यास ते भारतातले नाही एवढे एक वाक्य तिच्यात घालावे, आणि ते सोडू नका असेही सांगावे. लीथच्या कासवाची अंडी घालण्याची जागा नदीकाठची वाळू आणि माती ही आहे. वाळूउपशाच्या बातम्यांतही या कासवाचा उल्लेख आला, तर तो विषयाला सोडून होणार नाही.

आपली विश्वासू,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे